शाळेचा शेवटचा मोसम : वाचकांचे प्रश्न, मैदानातली उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे. दहावी-बारावीची मुलं शाळेच्या संघातून बाहेर पडताहेत, त्यांचं पुढे काय आणि त्यांच्यामागे उरलेल्या संघाचं काय? शालेय स्पर्धांचा मोसम दिवाळीच्या आगेमागे उतरतो, मग सराव परीक्षा, मग बोर्ड, मग सुट्टी. डिसेंबर ते जून या सहा-सात महिन्यांत चांगले खेळाडू गळतात, आणि ते कळतं पुढच्या मोसमात. म्हणून उत्तरं याच महिन्यांना धरून दिली आहेत.

प्रश्न : आमच्या खो-खो संघातल्या बारांपैकी सात मुलं यंदा दहावीत आहेत. विभागीय स्पर्धेपर्यंत गेलो होतो. पुढच्या मोसमात तालुक्याला नवा संघ उतरवायचा आहे. आत्तापासून काय करावं?
– क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा

हे सात जण कोणत्या जागांवर बसत होते ते आधी कागदावर मांडा. बहुतेक शालेय संघांत दोन्ही खांबांलगतच्या जागा, म्हणजे पहिला आणि आठवा चौरस, वर्षभर मोठ्या मुलांकडेच असतात. आठवी-नववीतली मुलं मधल्या चौरसांत बसतात, खो घेतात, चार पावलं धावतात आणि पुढच्याला खो देऊन मोकळी होतात. गडी बाद करायची वेळ त्यांच्यावर येतच नाही. मोठी मुलं गेली की खांबाजवळ कोण बसणार हा प्रश्न जुलैत उभा राहतो आणि तेव्हा शिकवायला वेळ उरलेला नसतो.

जानेवारीपासून आठवड्यातले दोन दिवस धाकट्यांना खांबाजवळ बसवा. खांबावरचा सूर टप्प्याटप्प्याने शिकवा. खांब जमिनीपासून 120 ते 125 सेंटिमीटर उंच असतो. पहिला आठवडा फक्त चालत यायचं, खांबाकडच्या हाताने खांब धरायचा, अंग बाहेर झोकायचं आणि दुसरा हात लांबवून जमिनीवर ठेवलेल्या खुणेला लावायचा. दुसऱ्या आठवड्यात तीन पावलांची धाव. तिसऱ्यापासून पूर्ण वेगाने. चौथ्यात समोर संरक्षक उभा करा. एका सत्रात प्रत्येक बाजूने आठ ते दहा सूर पुरेत. त्यापुढे तळहात सोलतात, मुलं खांब नीट धरेनाशी होतात आणि चुकीची सवय लागते. खांबाभोवतीची माती आदल्या संध्याकाळी पाणी मारून मऊ करून ठेवा.

चुका बहुधा तीनच होतात. एक, हात खांबाच्या अगदी टोकाला पडतो. मग अंग खाली जात नाही आणि पोहोच कमी पडते. दोन, मुलगा खांब उशिरा धरतो, झटका खांद्यात बसतो आणि दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. तीन, सूर मारताना पाय मधल्या पाटीपलीकडे, म्हणजे बसलेल्यांच्या रांगेच्या पट्टीपलीकडे जातो. मारलेला गडी वाचतो आणि वर फाउल पदरात पडतो.

नव्या संघाचं सर्वांत मोठं नुकसान मात्र खो मिळण्याआधी उठण्याने होतं. संरक्षक जवळून गेला की बसलेल्या मुलाचं अंग आपोआप सुटतं. पंच शिट्टी देतो, आक्रमकाला उलट दिशेला जावं लागतं आणि तेवढ्यात संरक्षक अर्धं मैदान ओलांडून जातो. यावर एक साधा सराव आहे. आठही मुलांना बसवा, मागून कधी नुसता स्पर्श करा, कधी नुसता ‘खो’ म्हणा, कधी दोन्ही एकदम करा. दोन्ही मिळाले तरच उठायचं. रोज पाच मिनिटं. नऊ मिनिटांच्या पाळीत एकूण किती फाउल झाले ते वहीत लिहीत जा. जूनपर्यंत तो आकडा तीनच्या खाली आला तर संघ तालुक्यासाठी तयार आहे असं समजा.

संरक्षणाच्या तिघांच्या तुकड्या पाडताना तिन्ही नवी मुलं एकत्र टाकू नका. प्रत्येक तुकडीत मोठ्या सामन्यात पळालेला निदान एक जण हवा, कारण साखळी (बसलेल्यांमधून नागमोडी पळणं) खेळायची की रिंग (गोल फेरी) धरायची हे ओरडून सांगणारा कोणीतरी आत लागतो. प्रत्येकाचा पळण्याचा वेळ घड्याळ लावून सेकंदांत नोंदवा. डोळ्यांना चपळ दिसणारा मुलगा प्रत्यक्षात तीस सेकंदांत बाद होतो आणि गप्प राहणारा दीड मिनिट काढतो, हे त्या नोंदीतूनच दिसतं.

आणि दहावीच्या त्या सात जणांना परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये दोन आठवडे बोलवा, नव्या संघाविरुद्ध खेळायला. त्यांच्याइतका चांगला सराव देणारा दुसरा संघ जवळपास मिळणार नाही.

प्रश्न : मुलगा 17 वर्षांखालील गटात 5 किलोचा गोळा साडेचौदा मीटर टाकत होता. आता पुढच्या गटासाठी 6 किलोचा गोळा घेतल्यावर तेरा मीटरही जाईना. तो निराश झालाय. सराव चुकतोय का?
– पालक, कोल्हापूर

सराव चुकत असेल असं या आकड्यांवरून वाटत नाही. एक किलो वाढला की सुरुवातीला एक ते दीड मीटर कमी होणं हे नेहमीचंच आहे. त्याला हे आधी कोणी सांगितलं नसावं, म्हणून तो खचला. मैदानी खेळांत वयोगट बदलला की साधनच बदलतं. मुलांचा गोळा शालेय 17 आणि संघटनेच्या 18 वर्षांखालील गटात 5 किलो, 20 वर्षांखालील गटात 6 किलो आणि खुल्या गटात 7.26 किलो असतो. थाळी दीड किलोवरून पावणेदोन आणि मग दोन किलो. भाला 700 ग्रॅमवरून 800. 110 मीटर अडथळ्यांमध्ये अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटरवरून 99.1 आणि खुल्या गटात 106.7 होते, दोन अडथळ्यांमधलं अंतर मात्र 9.14 मीटर तेवढंच राहतं. मुलींना खुल्या गटात गोळा 4 किलो आणि भाला 600 ग्रॅम असतो, 18 खालील गटात तो अनुक्रमे 3 किलो आणि 500 ग्रॅम. म्हणजे शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फेकपटूला हा उंबरठा ओलांडावाच लागतो.

5 किलोचा गोळा एकदम बंद करू नका. पहिले चार आठवडे दहा फेकींतल्या सहा 5 किलोच्या आणि चार 6 किलोच्या ठेवा. पुढचे चार आठवडे प्रमाण उलटं करा. हलक्या गोळ्याने हाताचा वेग टिकतो, जड गोळ्याने ताकदीची सवय होते. सगळ्या फेकी जड गोळ्याने केल्या तर हात मंदावतो, आणि तो मंदपणा नंतर काढायला फार वेळ लागतो.

6 किलोच्या फेकींमधल्या निम्म्या जागेवर उभं राहून घ्या, सरकत येऊन किंवा गिरकी घेऊन नको. वर्तुळाचा व्यास 2.135 मीटरच असतो. त्या जागेत जड गोळा घेऊन वेग घेतला की शेवटी पुढचा पाय टेकायला उशीर होतो आणि फेक नुसत्या हाताने होते. बाजूने मोबाइलवर चित्रण करून दोन गोष्टी बघा. गोळा शेवटपर्यंत मानेला चिकटलेला आहे का? आणि कोपर गोळ्याच्या मागे आहे की खाली पडलंय? वजन वाढल्यावर कोपर खाली पडणं ही सर्वांत सर्रास चूक आहे. त्याने गोळा ढकलला न जाता चेंडूसारखा फेकला जातो आणि कोपराची आतली बाजू दुखू लागते. बोटांच्या मुळाशी दुखत असेल तर गोळा बोटांवर फार वर धरला जातोय. तो थोडा तळव्याकडे घ्या आणि आठवडाभर फेकी निम्म्या करा.

आठवड्यात फेकीचे तीन आणि ताकदीचे दोन दिवस. ताकदीच्या दिवशी बैठका, वजन उचलणं आणि खांद्यावरून वर ढकलणं या तीन गोष्टी नीट झाल्या की पुरे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने जास्तीत जास्त किती उचलतो हे बघायच्या मागे लागू नये. पाच-सहा वेळा स्वच्छ उचलता येईल एवढंच वजन लावा. साडेचौदा मीटर पुन्हा दिसायला सात-आठ महिने लागले तरी ती चांगली प्रगती आहे.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, कबड्डीत उजवा कोपरा सांभाळते. डिसेंबर ते मार्च सराव बंद ठेवायचा असं घरात ठरलंय. मार्चनंतर पुन्हा जोर येईल ना?
– पालक, रायगड जिल्हा

पूर्ण बंद ठेवू नका, ताई. आठवड्यातून दोनदा पस्तीस-चाळीस मिनिटं एवढ्यावर ताकद बऱ्यापैकी टिकते. दम मात्र लवकर जातो, तीन-चार आठवड्यांतच. अभ्यासाच्या दिवसांत संघाबरोबर सरावाला जायची गरज नाही. घरच्या अंगणात किंवा गच्चीवर जमेल असं सांगतो.

पहिले पाच मिनिटं दोरीवरच्या उड्या. मग बारा बैठकांचे तीन फेरे. एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागे नेत खाली वाकणं, प्रत्येक पायावर आठ वेळा, दोन फेरे. तिने गुडघ्यांवर बसायचं, कोणीतरी तिचे घोटे घट्ट धरायचे आणि तिने अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं, पाच वेळा. याने मांडीचा मागचा स्नायू मजबूत राहतो. जोर दहा-दहाचे तीन फेरे. शेवटी डोळे मिटून एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, दोन्ही पायांवर दोनदा. एवढं आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या दिवशी जमलं तर वीस मिनिटं पळणं.

खरा धोका परीक्षा संपल्यावरचा आहे. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी मुली थेट सामन्यात उतरतात आणि गुडघा नाहीतर घोटा जातो. कोपरारक्षक चवडा पकडायला झेप घेते, पाय जागेवर रुतलेला असतो, चढाई करणारी अंग फिरवते आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. मातीवर पाय थोडा घसरतो, मॅटवर तो घसरत नाही. म्हणून मातीवर खेळलेल्या मुलींनी मॅटवर जाताना जास्त जपावं. पहिला आठवडा नुसतं पळणं, कडेने सरकणं आणि उडी मारून दोन्ही गुडघे वाकवून उतरणं. उतरताना गुडघे आत झुकत असतील तर ते आधी सुधारा. दुसऱ्या आठवड्यात पकडीचा सराव, पण समोरचीने जोर न लावता. तिसऱ्यात तीन विरुद्ध तीन. चौथ्यात पूर्ण सामना. हे चार आठवडे वाया गेले असं तिला वाटेल. फाटलेल्या अस्थिबंधाला शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने किंवा त्याहून जास्त लागतात, हे तिला शांतपणे सांगा.

आणखी एक. कबड्डीत वजनाची मर्यादा असते आणि बसून अभ्यास करताना दोन-तीन किलो वाढतात. निवड चाचणीच्या आदल्या दोन दिवसांत पाणी तोडून ते उतरवू नका. पायात गोळे येतात, डोकं हलकं होतं आणि नेमक्या पकडीच्या क्षणी हात उशिरा जातो. मार्चपासून हळूहळू उतरू द्या. रात्रीच्या अभ्यासाचे बिस्किटांचे पुडे बंद केले आणि त्याऐवजी शेंगदाणे, उकडलेलं अंडं किंवा ताक ठेवलं तरी फरक पडतो.

प्रश्न : शाळा सोडताना खेळाची कोणती कागदपत्रं हातात असावीत? नंतर शाळेत कोणी दाद देत नाही असं ऐकतो.
– दहावीचा खेळाडू, लातूर जिल्हा

शाळेचा दाखला घ्यायच्या आधीच हे काम उरका. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, त्या वेळच्या प्रवेशिकेची प्रत आणि निकालपत्रकाची प्रत, या तीन गोष्टी एकत्र हव्यात. प्रमाणपत्र सगळे जपतात, प्रवेशिका कोणी जपत नाही. पुढे पडताळणीच्या वेळी ‘हा खेळाडू त्या संघात होता का’ हे तिच्यावरूनच सिद्ध होतं. सांघिक खेळात तर ती फारच महत्त्वाची, कारण संघाच्या निकालात सुट्या खेळाडूंची नावं नसतात.

प्रमाणपत्र हातात पडताच चार गोष्टी तपासा : नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, वयोगट, आणि सही-शिक्का. नाव शाळेच्या नोंदवहीत जसं आहे तसंच हवं. एकीकडे ‘दत्तात्रय’ आणि दुसरीकडे ‘दत्ता’ असं झालं तर नोकरीच्या वेळी प्रतिज्ञापत्रांची धावपळ सुरू होते. चूक त्याच वर्षी दुरुस्त होते, कारण कार्यालयात कागद ताजे असतात. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. आत बंद झालेल्या कागदावर शिक्का तपासता येत नाही, मागे पडताळणीची नोंदही करता येत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि दोन्ही बाजूंचं स्कॅन काढून आपल्या ईमेलवर पाठवून ठेवा.

बोर्डाच्या सवलतीच्या गुणांसाठी स्वतंत्र अर्ज लागतो. तो शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो, तिथून शिफारस होऊन बोर्डाकडे. मुदत परीक्षेच्या आसपासच संपते. क्रीडाशिक्षकांना डिसेंबरातच आठवण करून द्या आणि अर्ज जमा झाल्याची पोच मागून घ्या.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा व युवक सेवेच्या विभागीय उपसंचालक कार्यालयात होते. पात्र वय झालं की जाहिरात यायची वाट न बघता पडताळणी करून घ्या. अर्जाच्या शेवटच्या तारखेला पडताळणीचा कागद नाही म्हणून चांगले खेळाडू बाहेर राहतात, आणि हे वाचून खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : माझ्या मुलाचा जन्म 28 डिसेंबर 2007चा. 2024-25 मध्ये तो 17 वर्षांखालील गटात का बसला नाही? वर्गातली सगळी मुलं बसली.
– पालक, नाशिक

शालेय स्पर्धांत वय 31 डिसेंबरला मोजतात. त्या वर्षी 17 खालील गटाला 1 जानेवारी 2008 किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. तुमचा मुलगा चार दिवसांनी हुकला. तो 19 खालील गटात गेला. तिथे 1 जानेवारी 2006 किंवा त्यानंतरचा जन्म चालत होता, म्हणजे 2024-25 नंतर त्याला तिथे आणखी एक मोसम. शाळेतला वर्ग या हिशोबात धरत नाहीत.

प्रश्न : मुलगा राज्यस्तरापर्यंत पोहोचला, राष्ट्रीय झालं नाही. बारावीनंतर खेळात काही उरतं का?
– पालक, अमरावती

बरंच उरतं, फक्त प्रत्येक वाटेचं वय वेगळं आहे. महाविद्यालयात प्रवेश घेतला की आंतरविद्यापीठ स्पर्धा खुल्या होतात, त्या पंचविशीपर्यंत खेळता येतात. म्हणून पदवीचं महाविद्यालय निवडताना तिथे त्याच्या खेळाचा संघ आणि रोजचं मैदान आहे का, हे प्रवेशाआधी जाऊन बघा. माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. संध्याकाळी साडेपाचला मैदानावर कोण आहे ते बघा.

रेल्वेत खेळाडू भरतीचं वय 18 ते 25 आहे. त्यात 40 गुण चाचणीचे, 50 कामगिरीचे आणि 10 शिक्षणाचे असतात, आणि चाचणीत 40 पैकी निदान 25 मिळवावेच लागतात. कामगिरी गेल्या दोन-तीन वर्षांतलीच धरतात, त्यामुळे शाळेतल्या पदकावर बाविसाव्या वर्षी अर्ज करता येत नाही, खेळत राहावं लागतं. कोणत्या स्पर्धा ग्राह्य आहेत ते प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा. तिथे त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाच्या ज्युनियर आणि सीनिअर राष्ट्रीय स्पर्धांना मोठं वजन असतं, म्हणून शालेय स्पर्धा संपल्या की जिल्हा संघटनेकडे नोंदणी आणि स्थानिक क्लबाकडून खेळणं आवश्यक आहे. हे अकरावीतच सुरू केलेलं बरं.

खेळाडू म्हणून फार पुढे जाणार नाही असं वाटत असेल तर जिल्हा किंवा राज्य संघटनेची पंच परीक्षा द्यावी. शिकवायची आवड असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे.

प्रश्न : शाळेतून जाणाऱ्या खेळाडूंचा निरोप समारंभ करायचा आहे. खर्चाला माणशी दोनशे रुपयेच आहेत. काय द्यावं?
– मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

बाई, स्मृतिचिन्ह नको. दोनशे रुपयांत मिळणारं प्लॅस्टिकचं चिन्ह वर्षभरात माळ्यावर जातं. एक जाड फाइल द्या. तिच्यात त्या मुलाच्या सगळ्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, प्रत्येक वर्षीच्या प्रवेशिकेची प्रत, शाळेच्या लेटरहेडवर कोणत्या साली कोणत्या खेळात कोणत्या स्तरापर्यंत खेळला याचं तुमच्या सहीचं पत्र आणि संघाचा एक फोटो घाला. फोटोच्या मागे सगळ्यांची नावं आणि तारीख लिहा. फाइल, झेरॉक्स आणि फोटो मिळून खर्च त्या पैशांत बसतो. समारंभ परीक्षेआधी घ्या, नंतर मुलं गावोगाव पांगतात. कर्णधाराने पुढच्या कर्णधाराकडे संघाची वही सगळ्यांसमोर सोपवावी. आणि फाइलवर मुलाचं नाव शाळेच्या नोंदवहीत आहे अगदी तसंच घाला, वडिलांच्या नावासकट.